वाघिणी आधी

इथे इंजिनाला 'ती' म्हणतात.
आपल्या व्याकरणात ते नपुंसकलिंगी, बिचारं;
पण इदवल प्रॉसरच्या तोंडून ऐकल्यापासून
मीही 'ती'च म्हणतो.

ती : अडतीस सतरा.
दुधाच्या कॅन, मेंढ्या, सहलीला निघालेल्या शाळा,
युद्धात एकदा नुसत्या रिकाम्या शवपेट्या,
जे मागे जोडलं ते ओढलं तिनं.
मग डिझेल आलं, आणि एका सकाळी
पोटातली आग काढून घेतली,
रोजच्यासारखीच, फावड्यानं.
फक्त पुन्हा घातली नाही.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भरतीच्या पाण्यालगत
भंगाराचं आवार. तिथं रांगेत उभी केली.
कुणी पितळी नंबर नेला, कुणी शिट्टी,
धुराडात कावळ्यांनी संसार मांडला,
आणि खारा वारा
एकवीस वर्षं चाटत बसला उरलेलं.

इदवल तिथला कटर.
डोळ्यांवर काळी काच, हातात निळी ज्योत,
दिवसाला एक वाघीण, शनिवारी अर्धी.

"लोक विचारतात, हिची दया आली का रे?
दया कसली! मालक म्हणाला, आधी वाघिणी काप.
पत्रा, चार चाकं, संपलं काम.
इंजिन म्हणजे तांबं, शिसं, हजार भानगडी.
आणि वाघिणी काही संपेनात."

आपल्या भाषेत हा शब्द आणखी काय काय आहे
ते त्याला ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही
की आमच्याकडे हे लहान मुलांच्या गोष्टीसारखं ऐकू येतं :
रोज एक वाघीण मेली,
म्हणून म्हातारी गाय वाचली.

ग्लेनिस टकर, शाळेच्या स्वयंपाकघरातली,
तिनं मुरंब्याच्या बरण्या विकून
रिव्हेटचा हिशेब मांडला : एक बरणी, एक रिव्हेट.
इंजिन विकत घ्यायला नऊ वर्षं,
चालवायला अजून अठ्ठावीस.
वहीत शेवटची नोंद : जर्दाळू, तीन बरण्या, उधार.

शेडमध्ये नकाशे नव्हते. फायरबॉक्स निघता निघेना.
तीन शनिवार एक म्हातारा
खिशात हात घालून दारात उभा राहायचा.
चौथ्या शनिवारी म्हणाला,
"तिथे नाही. त्या पट्टीमागे अजून सहा बोल्ट आहेत."

तुम्हाला कसं माहीत?

"हिच्यासारख्या चाळीस कापल्यात मी."

हातोडे थांबले.
बाहेर मेंढ्या तेवढ्या बोलत होत्या.
मग ग्लेनिसनं विचारलं : साखर किती?

कणा तेवढा तिचा स्वतःचा उरला, आणि दोन चाकं.
नळ्या नव्या, बॉयलरचं पोट नवं,
शिट्टी एका शेतकऱ्याच्या माळ्यावरून परत आलेली.
'मग ही तीच कशी?' असं विचारणाऱ्या पाहुण्याला
नेस्ट नावाची पोर ग्रीसचा डबा धरायला देते.

केबिनचा जुना गंज खरवडताना एके दिवशी
पत्र्याच्या कडेला खाच सापडली.
दोन इंच. सरळ. वितळलेल्या ओठांची.
सगळ्यांनी एकदम इदवलकडे पाहिलं नाही,
एकेकानं पाहिलं.

तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.
"चहाचा भोंगा झाला होता," म्हणाला.
"आणि चहानंतर पंधरा वाघिणी आल्या."

तपासनीस म्हणाला, ही भरायलाच हवी.
पण ज्याला कापणं येतं त्याला सांधणं येतंच असं नाही.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो नेस्टकडे शिकायला बसला,
रद्दी पत्र्यांवर, अख्खा हिवाळा;
तिनं सहा वेळा सांगितलं : घाई नको, आजोबा.

आता हिरव्या रंगाखाली काही दिसत नाही.
ती वाफ सोडत फलाटाला लागते,
पोरं कानांवर हात ठेवून ओरडतात,
आणि इदवल दर वेळी केबिनच्या कडेवर
अंगठा फिरवून ती जागा शोधतो.

सापडत नाही.
पुन्हा शोधतो.